लोकरीच्या शहरात मलिदा

आम्ही इल्फर्ड सोडलं ते नातवासाठी.

मुलगी उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर, जावई इंजिनिअर आणि दोघांच्या शिफ्टच्या मध्ये अडकलेलं दीड वर्षाचं पोर. एका रविवारी तिचा फोन आला. "आई, नर्सरीवाले त्याला परत परत घरी पाठवतात. नाक गळते म्हणून. सगळ्या मुलांची नाक गळते! तू ये ना." मुलगी जन्मली, वाढली इंग्लंडात. तिचं मराठी आमच्या घराच्या चार भिंतींत शिकलेलं, त्यामुळे नाक कधी ‘ती’ असते, कधी ‘तो’. पण रडवेला आवाज कुठल्याही लिंगात कळतो. मी म्हटलं, "पंधरा दिवस येते."

पंधरा दिवसांचा उन्हाळा होऊन गेला. मग नवऱ्याने फोनवर विचारलं, "मी इथे एकट्याने भात किती दिवस खायचा?" पुढच्या वसंतात आम्ही इल्फर्डचं घर आवरलं आणि मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर चिकटून बांधलेल्या घरांच्या ओळीतलं एक छोटं टेरेस घर घेतलं. नणंद इल्फर्डलाच राहते. ती निरोप द्यायला आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तिकडे आपलं कुणी नाही गं." मी म्हटलं, "नातू आहे." तेवढं मला पुरेसं होतं.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गोष्टीतली माणसं मूठभर आहेत, लगेच ओळखू येतील. एवढं सांगते की ते यॉर्कशायरच्या डोंगरांत आहे. एखाद्या खोलगट वाटीत बसावं तसं. तळाशी स्टेशन, टाऊन हॉल आणि बाजार, आणि वाटीच्या कडांवर चढत गेलेल्या दगडी घरांच्या ओळी. नवरा भायखळ्याचा, मी अलिबागची, इस्रायल आळीत वाढलेली. घरातून निघालं की समुद्र येईपर्यंत सपाट रस्ता. कनकेश्वरचा डोंगर लांबून बघायचा असतो एवढीच माझी चढाशी ओळख. इथे आमच्या रस्त्याच्या कडेने लोखंडी कठडा आहे, धरून चढायला. बर्फ पडलं की पोस्टमन अर्ध्या रस्त्याची पत्रं खालच्या न्हाव्याकडे ठेवून निघून जातो आणि ज्याला हवीत तो घसरत खाली जाऊन घेऊन येतो.

माणसं मात्र लंडनपेक्षा मोकळी. दुकानातली बाई, डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट, सगळे ‘लव्ह’ म्हणूनच हाक मारतात. पहिल्या आठवड्यात बस ड्रायव्हरने नवऱ्याला "थँक्यू, लव्ह" म्हटलं. हा दांडगा, दाढीवाला ड्रायव्हर. नवरा उतरला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत स्टॉपवर उभाच राहिला. "मला म्हणाला का तो?" मी म्हटलं, "बसमधून तुम्हीच तर उतरलात."

नवरा इल्फर्डला कौन्सिलच्या लायब्ररीत होता. रिटायर झाला तरी सवय गेली नाही. कुठे पाटी दिसली की वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. त्यानेच मला जर्मन गल्ल्या दाखवल्या. स्टेशनच्या मागच्या चढावर पाच-सहा गल्ल्या आहेत, दोन्ही बाजूंना उंच दगडी गोदामं. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात जर्मनीतून लोकरीचे व्यापारी इथे आले. कापड विकत घ्यायचं आणि जहाजाने जगभर पाठवायचं. गोदामं त्यांचीच, पण बघणाऱ्याला राजवाडे वाटावेत. दारांवर कोरलेली द्राक्षं, गरुड, दाढीवाले चेहरे. मागच्या बाजूला गेलं की सगळा थाट संपतो. नुसती भिंत आणि गठ्ठे वर ओढायच्या लोखंडी तुळया. आता आत फ्लॅट्स आहेत, जिम आहे, एक योगाचा क्लास आहे.

"यातले पुष्कळ आपले होते," एक दिवस नवरा पाटी वाचता वाचता म्हणाला.

"आपले म्हणजे? भायखळ्याचे?"

"ज्यू गं. जर्मन ज्यू. हे बघ, लिहिलंय. त्यांनी सिनेगॉगसुद्धा बांधलं होतं."

ते आम्हाला पुढच्याच आठवड्यात सापडलं. एका डेंटिस्टच्या शेजारी, बाहेरून कुणालाही लक्षात येणार नाही एवढं लहान. दारावर हिब्रू ओळ आणि खाली कागद चिकटवलेला: महिन्यातून एका शनिवारी प्रार्थना. आम्ही त्या शनिवारी गेलो.

आत गेल्यावर नवरा सवयीने उजवीकडे वळला आणि मी जिना शोधायला लागले. अलिबागला बायका वर सज्जात बसायच्या, इल्फर्डला पडद्यापलीकडे. इथे जिनाच नव्हता. बायका-पुरुष सरमिसळ बसलेले, कोपऱ्यात पेटीसारखा मोठा ऑर्गन. माणसं मोजून सात-आठ, सगळी आमच्याहून म्हातारी. मी नवऱ्याच्या शेजारी अंग चोरून बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत प्रार्थनेला त्याच्या शेजारी बसायची माझी ती पहिलीच वेळ. तो हळूच म्हणाला, "पदर नीट घे." मी स्कर्ट घातला होता.

प्रार्थना झाल्यावर चहा. सिनेगॉगचे चेअरमन पुढे आले. उंच, ताठ, रिटायर झालेले वकील. त्यांचे पणजोबा लोकरीचे व्यापारी, त्या गोदामांपैकी एक त्यांचं. अदबीने हात मिळवला आणि विचारलं, "कुठून आलात?"

"इल्फर्डहून," मी म्हटलं.

"हो, पण मुळात?"

"अलिबागहून."

त्यांनी कप बशीत ठेवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमच्या घराण्याने आपला धर्म कधी स्वीकारला?"

हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. नवऱ्याने बिस्किट चहात बुडवलं आणि शांतपणे सांगितलं, "तसं काही कुणाला आठवत नाही. बोट फुटली तेव्हा आम्ही ज्यूच होतो."

मागून कुणीतरी खो-खो हसलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, लाल स्वेटर घातलेल्या एक बाई काठी टेकत पुढे आल्या. "कुठली बोट? मला सांग. ह्यांना नको, ह्यांना ऐकू कमी येतं."

मग मी त्यांना आमच्याकडची गोष्ट सांगितली. फार फार पूर्वी आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचले ते तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, शनिवार तेवढा राहिला.

"तेल," बाई म्हणाल्या. "आम्ही लोकर. बरं आहे की. आणि प्रार्थनेत तुम्ही दोघं कुजबुजत होता ती कुठली भाषा?"

"मराठी."

"भांडत होता?"

"नाही हो. गॅस बंद केला का, ते विचारत होते."

"असंच असतं. माझे आईवडील जर्मनमधून गॅसबद्दलच बोलायचे."

ह्या बाई नव्वदीच्या घरातल्या. त्यांचं घर डोंगराच्या अगदी माथ्यावर, बसच्या शेवटच्या स्टॉपला. मी मनातल्या मनात त्यांना ‘वरच्या बाई’ म्हणायला लागले आणि तेच नाव घरात रूढ झालं. त्यांनी मला मंगळवारी चहाला बोलावलं. मग पुढच्या मंगळवारी. मंगळवारी नातू नर्सरीत असायचा, त्यामुळे तो वार मी त्यांना देऊनच टाकला.

त्या जर्मनीतून आल्या तेव्हा आईच्या मांडीवर होत्या. वडील लोकरीचे दलाल, इथल्या एका पेढीशी त्यांचा जुना व्यवहार होता. तिकडे ज्यूंना जगणं अशक्य झालं तेव्हा ह्या एकाच शहराचा पत्ता त्यांना पाठ होता, म्हणून इथे आले. मला आपलं वाटलेलं की इथे आधीच जर्मन मंडळी होती म्हणजे मोठं स्वागत झालं असेल. तसं मी बोलूनही दाखवलं.

"स्वागत?" वरच्या बाई म्हणाल्या. "आधीचे लोक म्हणजे चेअरमनचे आजोबा वगैरे. त्यांनी तोवर नावंसुद्धा इंग्लिश करून घेतलेली. ते माझ्या आईला म्हणाले, ट्रॅममध्ये हळू बोला, शक्यतो बोलूच नका. युद्ध चालू होतं, त्यांनाही भीती वाटत असणार. सिनेगॉगमध्ये आम्हाला मागचं बाक."

"मग?"

"मग आई मागच्या बाकावर बसून सगळ्यांच्या वर आवाज चढवून गायची. तिचा आवाज भयंकर होता."

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खी वाटी दिसायची. एकदा त्यांनी किसलेल्या बटाट्याची धिरडी केली, अलिबागकडच्या उपासाच्या थालीपिठाची सख्खी बहीण, आणि वर सफरचंदाचा गोड गर वाढला. त्या दिवशी नवराही आला होता. त्याने एक घास खाल्ला आणि मला मराठीत विचारलं, "लोणचं मागितलं तर चालेल का?"

"काय म्हणतोय तो?" बाईंनी विचारलं.

"छान झालंय म्हणतात."

"खोटं बोलू नकोस. तोंड बघ त्याचं."

पुढच्या मंगळवारी मी नणंदेने इल्फर्डहून पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची अर्धी बरणी घेऊन गेले. बाईंनी ती धिरड्यांशी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बरणी परत दिली नाही.

दुसऱ्या वर्षी नवऱ्याचा गुडघा गेला. चढउताराने आधीच दुखत होता, आता रात्रीसुद्धा ठणकायचा. ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात राहिली. तोवर तो घरातून बाहेर पडेनासा झाला. पाट्या वाचणारा माणूस टीव्हीवरच्या जाहिराती वाचायला लागला. मला त्याच्या दुखण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचीच जास्त काळजी वाटायची. एका सकाळी भांडी घासताना मी मनात बोलून टाकलं, गुडघा नीट वाकला, हा माणूस पायी वरच्या बाईंच्या घरापर्यंत गेला, की मलिदा करीन.

मलिदा हा आम्हा बेने इस्रायल लोकांचा नवस. गोड पोहे कालवायचे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा घालायचा, भोवती फळं मांडायची, त्यात गुलाब आणि सब्जाचा तुरा खोवायचा आणि एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची आळवणी करायची. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. लहानपणी आम्ही बैलगाडीने तिथे जायचो. इतर देशांतल्या ज्यूंना हे ठाऊक नाही. हे आमचं कोकणातलं.

ऑपरेशन झालं, नीट झालं. फिजिओवाली पोरगी कडक होती. तिने नवऱ्याला आधी कठडा धरून खालच्या न्हाव्यापर्यंत नेलं, मग कठड्याशिवाय. आणि मे महिन्यात एका मंगळवारी तो म्हणाला, "आज बस नको." वाटेत तीनदा थांबला, प्रत्येक वेळी पाटी वाचायचं निमित्त करून, आणि वरच्या बाईंच्या दारात घामाघूम पोचला. बाईंनी दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बस चुकली?"

तिथेच मी नवसाचं सांगितलं. नवऱ्याने डोक्याला हात लावला. "अगं, मलिद्याच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. कुठून आणणार? इल्फर्डला जाऊन करू."

"इल्फर्डला कशाला?" बाई म्हणाल्या. "सिनेगॉगला हॉल आहे की."

चेअरमनना विचारावं लागणार होतं. त्यांनी कमिटीची मीटिंग बोलावली. कमिटी म्हणजे ते, वरच्या बाई आणि एक निवृत्त डॉक्टर. मला समजावून सांगायला बोलावलं. मी सगळं सांगितलं, पोह्यांपासून रथापर्यंत. चेअरमन फार सभ्यपणे म्हणाले, "मला आक्षेप नाही. फक्त प्रश्न असा आहे की हे आपल्या परंपरेत कुठे बसतं?"

वरच्या बाईंनी विचारलं, "खायला आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"गोड?"

"हो."

"मग ते बसतं," बाई म्हणाल्या आणि डॉक्टरांनी लगेच हात वर केला. चेअरमनही हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना बघितलं.

सामान जमवणं आणखी निराळं. आमच्या चढाच्या पायथ्याशी लाहोरकडच्या एका भल्या माणसाचं किराणा दुकान आहे. त्याच्याकडे पोहे होते, पण पातळ, चिवड्याचे. मला जाड हवे होते. त्याने लेस्टरच्या मेहुण्याला फोन लावला, मेहुण्याने वेम्बलीच्या कुणाला तरी, आणि शुक्रवारी जाड पोह्यांची पिशवी कोबीच्या खोक्यांवर बसून आली. "बाजी, किस चीज की दावत है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, गुडघ्याची. तो मनापासून म्हणाला, "मुबारक हो," आणि खजुराचं एक पाकीट वर टाकलं.

सब्जा मात्र कुठेच मिळेना. वरच्या बाईंच्या काचघरात एक जिरेनियम होतं, पान चुरगळलं की गुलाबाचा वास येणारं. त्यांच्या आईने लावलेल्या रोपाच्या फांदीची फांदी. त्यांनी त्याचे मोठाले तुरे कापून दिले. "वास हवा ना? मग हे घे. तुझ्या प्रेषिताने नाव विचारलं तर माझं सांग."

रविवारी दुपारी हॉलमध्ये मांडामांड केली. मुलगी, जावई, नातू आले. जावई इंग्लिश, चर्चवाल्या घरातला. त्याने सगळी फळं धुऊन, पुसून एकाच उंचीची रचली, इंजिनिअरसारखी. चेअरमन टाय लावून आले. डॉक्टर आणि त्यांची बायको आली, आणखी तिघं आले, वरच्या बाई तर आधीपासूनच खुर्ची टाकून बसल्या होत्या. एका जोडप्याला फ्लू झाल्याचा फोन आला. नवरा पांढरी टोपी घालून ताटासमोर उभा होता. त्याची नजर खोलीभर फिरली आणि तो माझ्या जवळ येऊन पुटपुटला, "पुरुष पाचच आहेत. राहू दे. दहा लागतात ती प्रार्थना गाळतो, बाकीचं करू."

चेअरमननी ते चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. ज्यू माणसं माणसांना एक, दोन, तीन असं मोजत नाहीत. तसं मोजणं बरं नाही म्हणतात. दहा शब्दांचं एक जुनं वचन आहे, ते म्हणत एकेका माणसाकडे एकेक शब्द टाकत जायचं. चेअरमन ते म्हणू लागले. एक शब्द नवऱ्यावर, एक डॉक्टरांवर, एक डॉक्टरांच्या बायकोवर. वरच्या बाईंवर. मुलीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात चमचे घेऊन उभी होते. जावई आणि नातू ह्यांना सोडून त्यांचं बोट खोलीभर फिरलं, मग वळलं आणि शेवटचा शब्द माझ्यावर येऊन थांबला.

"पूर्ण," चेअरमन म्हणाले. "सुरू करा."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "मी चमचे..."

"चमचे खाली ठेव," वरच्या बाई म्हणाल्या. "तुझ्यावाचून होणार नाही."

आमच्या आळीत माझे वडील शनिवारी सकाळी दारात उभे राहून दहावा माणूस शोधायचे. कुणी परगावचा पाहुणा दिसला तर त्याला ओढून न्यायचे. घरात आई, आजी, आम्ही तीन बहिणी. आम्हाला कधी कुणी हाक मारली नाही आणि मारावी असं आमच्याही डोक्यात आलं नाही. साठी ओलांडल्यावर, इतक्या लांब, ह्या डोंगरातल्या जर्मनांच्या खोलीत मी मोजली गेले. मी चमचे ठेवले, ओढणी डोक्यावर घेतली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या वडिलांनी हे कधी मान्य केलं नसतं. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली.

त्याचा आवाज चांगला आहे. भायखळ्याच्या चालीवर त्याने आळवणी म्हटली, मधलं कडवं मराठीतून. मुलगी लहानपणचं आठवून ओठ हलवत होती. आळवणी संपल्यावर वरच्या बाई म्हणाल्या की हाच प्रेषित त्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी यायचा, पण दुसऱ्या चालीवर. आणि त्यांनी ती चाल म्हणून दाखवली. त्यांचा आवाज त्यांच्या आईवर गेलेला असणार. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. पण कुणी थांबवलं नाही.

पोहे सगळे संपले. चेअरमननी दोनदा घेतले आणि एक डबा बायकोसाठी नेला. रात्री दिवा बंद करताना नवरा म्हणाला, "आज तुझ्यामुळे झालं बरं का."

"पोहे कोरडे झाले होते," मी म्हटलं.

"मी पोह्यांचं नाही बोलत."

पुढचा हिवाळा सरत आला तेव्हा मुलगी एका संध्याकाळी एकटीच आली. कोट न काढता खुर्चीवर बसली. मी ओळखलं, काहीतरी आहे.

"आई, बाबा, मला एक सांगायचा आहे. त्याला ब्रिस्टलमध्ये जॉब मिळाली. विमानाची कंपनी. खूप मोठा जॉब आहे. मलाही तिकडे हॉस्पिटलमध्ये घेतील." आणि मग तिला रडू फुटलं. "तुम्ही आमच्यासाठी घर सोडलं. आणि आम्ही चाललो."

नवऱ्याने तिला आधी कोट काढायला लावला. मग म्हणाला, "अगं, चांगली बातमी रडून काय सांगतेस?"

"तुम्ही पण चला. तिकडे घर बघू. नाहीतर इल्फर्डला परत जा, आत्या आहे. इथे तुम्ही दोघं एकटे काय करणार?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. खरं तर आमचं ह्याविषयी कधी बोलणं झालं नव्हतं. मी म्हटलं, "विचार करतो." ती गेल्यावर मी कुकर लावला. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय करायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगा."

"नातवाशिवाय तुला करमणार नाही."

"नाहीच करमणार. तुम्हाला?"

"मलाही नाही." तो दाराला टेकला. "पण ब्रिस्टलला तरी ती दोघं दिवसभर कामावर, तो शाळेत. आपण खिडकीत बसून वाट बघायची. इथे... इथे मला शनिवारी दार उघडायचं असतं." चेअरमननी त्याला सिनेगॉगची किल्ली दिली होती. ऑर्गनवरची धूळ पुसणं, पुस्तकं लावणं, जुन्या पाट्यांवरची जर्मन नावं वहीत उतरवून घेणं, असे उद्योग त्याने स्वतःच अंगावर घेतले होते.

"आणि मंगळवार," मी म्हटलं.

"मग झालं तर," तो म्हणाला. कुकरची शिट्टी झाली.

ज्यांच्यासाठी आलो ते गेले आणि आम्ही राहिलो. नणंदेला हे अजून पटलेलं नाही. व्हॅन भरून ती तिघं निघाली त्या दिवशी मी घरात आले आणि नातवाचा एक मोजा सोफ्याखाली सापडला. तेव्हा रडले, पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. वरच्या बाईंनी दारातच विचारलं, "चाललीस का तूही?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी नवं माणूस शोधायच्या वयाची राहिले नाही." त्यांनी त्या दिवशी आलूबुखारचा केक केला होता आणि तो थोडा करपला होता. आम्ही दोघींनी करपलेला भाग सुरीने काढून बाकीचा सगळा खाल्ला.

आता हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, नातू ट्रेनने येतो, कधी आईबरोबर, कधी बापाबरोबर. गेल्या फेब्रुवारीत आला तेव्हा रात्रीतून बर्फ पडलं. सकाळी उठून बघते तर आजोबा-नातू दोघेही घरात नाहीत आणि माझा चहाचा मोठा ट्रे गायब. दार उघडलं. समोरच्या चढावर गल्लीतली सगळी पोरं, आणि त्यांच्यामध्ये आमचा, ट्रेवर बसून किंचाळत खाली येत होता. खाली न्हावी दुकानाच्या दारात उभा राहून पोरं अडवत होता. मी ओरडले, "अहो, तुम्ही तरी सांगा त्याला!" नवरा वरून म्हणाला, "अगं थांब, पुढचा नंबर माझा आहे."

मी नवऱ्याला ट्रेवर बसू दिलं नाही, तरी घराकडे येताना आजोबा-नातू दोघंही घसरून मऊ बर्फात बसलेच. पोरगं भिजून, लाल नाकाने घरात आलं. मी त्याचे मोजे रेडिएटरवर टाकले आणि समोर वालाच्या बिरड्याची वाटी ठेवली. फोनवर त्याची आई होती. तिने विचारलं, काय करतोस. तो घास तोंडात ठेवूनच मराठीत म्हणाला, "मी आणि आजोबा पडली."

"पडलो," मी म्हटलं.

"आजी पण पडली?" पलीकडून मुलीने घाबरून विचारलं, आणि त्याला हसू आवरेना.